निघंटूपासून रेणुकोशापर्यंत

औषधी वनस्पतींविषयी बोलणे निघाले की आपल्याकडे दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, आमच्या पूर्वजांनी हे सगळे लिहून ठेवले आहे. दुसरा म्हणतो, लिहिलेले असेल, पण सिद्ध काय झाले आहे? व्याख्यानमालेच्या मंडपात हे दोन्ही पक्ष शेजारी शेजारी बसतात आणि व्याख्यान संपले की घराच्या वाटेवर तोच वाद पुढे चालतो. त्या वादाचा निकाल लावण्याचा आमचा आजचा हेतू नाही. 'लिहिलेले' आणि 'सिद्ध झालेले' यांच्यामध्ये एक लांब वाट आहे. ती कोणी, केव्हा आणि कशी बांधली, आणि ती कोठे कोठे खचलेली आहे, एवढेच पाहावयाचे आहे.

या वाटेवर गेल्या पन्नास वर्षांत एक नवे साधन आले. त्यास सर्वत्र 'डेटाबेस' म्हणतात. आपण त्यास माहितीकोश म्हणू, आणि ज्यात वनस्पतींची रेणूंशी गाठ घातलेली असते त्यास रेणुकोश. कल्पना सोपी आहे. एका रकान्यात वनस्पतीचे नाव, दुसऱ्यात तिच्यात सापडणारी रासायनिक द्रव्ये, तिसऱ्यात ती द्रव्ये शरीरातील कोणत्या प्रथिनांना जाऊन चिकटतात ती प्रथिने, आणि चौथ्यात रोग. चारही रकाने नीट भरले की निघंटूतल्या ओळीपासून निघून थेट पेशीच्या आत पोचता यावे, अशी अपेक्षा. रकाने भरणे संगणकाला जमते. एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना जो सांधा लागतो तो मात्र माणसांनीच घडवावा लागतो, आणि आमच्या मते या विषयाचा खरा इतिहास त्या सांध्यांचाच आहे.

पहिला सांधा नावाचा. येथे आपणांस सतराव्या शतकातील कोचीनला गेले पाहिजे. डच कंपनीचा तेथील गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने मलबारातील वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ करविला. 'होर्टुस मलबारिकुस' या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे छापले गेले, आणि त्यांत ७४२ वनस्पतींची वर्णने आली. चित्रांवर झाडाचे नाव निरनिराळ्या लिप्यांत दिले आहे : रोमन, मल्याळी, अरबी आणि आपली नागरी. ती नागरी नावे कोकणी भाषेतील आहेत. ती देणारे तिघे कोकणी ब्राह्मण वैद्य रंग भट, विनायक पंडित आणि अपु भट यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र ग्रंथाच्या आरंभी जसेच्या तसे छापलेले आहे. मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांनीही आपल्या हस्ताक्षरात ग्वाही दिली आहे. माहिती कोणी दिली याची नोंद माहितीबरोबर ठेवण्याची ही शिस्त, त्या काळच्या मानाने, फार मोठी म्हटली पाहिजे. एकच चित्र आणि त्यास चार लिप्यांतील चार नावे, म्हणजे आजच्या माहितीकोशातील एक ओळच ती.

चित्र का हवे? नाव एकटे असले की ते घसरते. ब्राह्मीचे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून जमिनीलगत पसरणारी, गोल पानांची जी वेल पुष्कळांच्या ओळखीची आहे, तिला शास्त्रज्ञ सेंटेला एशियाटिका म्हणतात. वैद्य तिलाच मंडूकपर्णी म्हणतात. केरळात ब्राह्मी म्हटले की पाणथळ जागी वाढणारी, बारीक मांसल पानांची बॅकोपा मोनिएरी पुढे येते. आपल्याकडे ती नीरब्राह्मी. दोन्हींची कुळे वेगळी, दोन्हींतील द्रव्ये वेगळी. बॅकोपात बॅकोसाइड नावाची द्रव्ये मिळतात, सेंटेलात एशियाटिकोसाइड. आता 'ब्राह्मी बुद्धिवर्धक आहे' हे ग्रंथातील विधान माहितीकोशात कोणत्या ओळीत घालावे? चुकीच्या ओळीत घातले तर एका वनस्पतीची कीर्ती दुसऱ्या वनस्पतीच्या रेणूला चिकटते, आणि मग संगणक ती चूक अत्यंत वेगाने आणि अत्यंत आत्मविश्वासाने हजार ठिकाणी पोचवतो. शंखपुष्पीची गोष्ट तर याहून बिकट आहे; त्या एका नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निदान तीन वेगवेगळ्या वनस्पती वापरल्या जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा नावांचा सांधा पक्का करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. विल्यम डायमॉक याने दोघा सहकाऱ्यांसह 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ सिद्ध केला. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांचा 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' हा ग्रंथ १९१८ साली निघाला. कीर्तिकरांना तो छापलेला पाहण्याचे भाग्य लाभले नाही. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'वनौषधिगुणादर्श' आहेच. हे ग्रंथ आज कपाटात धूळ खात पडलेले दिसतात, पण संगणकातील कोशांचे पाय त्यांच्यावरच उभे आहेत.

नाव पक्के झाले तरी रेणू हाती लागत नाही. त्यासाठी दुसरा सांधा लागतो, आणि तो कसा जुळतो हे सर्पगंधेच्या कथेत फार स्वच्छ दिसते. ही मुळी वेडावर आणि सर्पदंशावर देण्याची वहिवाट जुनी. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्यातून काही अल्कलॉइडे वेगळी काढली व त्यांतील एकास हकीम अजमल खानांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावर व उन्मादावर तिचा उपयोग होतो असे लिहिले. जगाने फारसे लक्ष दिले नाही. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपले अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडले, तेव्हा युरोप जागा झाला. १९५२ साली बाझल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत रेसर्पीन हे द्रव्य शुद्ध रूपात मिळाले. मज्जातंतूंच्या टोकांशी संदेशवाहक द्रव्यांचे जे साठे असतात ते रेसर्पीन रिकामे करते, हेही पुढे कळले. म्हणजे मुळीपासून पेशीपर्यंतची सगळी वाट पुरी झाली, आणि तीही कोणत्याही माहितीकोशावाचून. वकिलांच्या हाती काय होते? जुने लेख, मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या गोळ्या, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि चिकाटी. संगणकाच्या भक्तांनी हे अधूनमधून आठवावे असे आम्हांस वाटते.

परंतु प्रत्येक वाट इतकी सरळ जात नाही, आणि या विषयातील खरी बोधप्रद कथा गुग्गुळाची आहे. तिच्यापाशी आपण थोडे अधिक थांबू.

गुग्गुळ आपणां सर्वांस धुपामुळे ठाऊक. कच्छ, काठेवाड, राजस्थान येथील कोरड्या माळावर वाढणाऱ्या काटेरी झुडपाचा तो वाळलेला चीक. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे वर्णन आहे : कफ वाढविणारा आहार, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप, त्यातून साठणारा मेद आणि त्या मेदाने अडणारे मार्ग. उपचारांत जी द्रव्ये सांगितली आहेत त्यांत गुग्गुळ आहे. १९६० नंतरच्या काळात बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती या संशोधिकेने हे वर्णन वाचले, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल वाढून रोहिण्या अरुंद होण्याच्या आधुनिक वर्णनाशी त्याचे साम्य त्यांच्या ध्यानी आले. ग्रंथातील उताऱ्यावर समाधान न मानता त्यांनी सशांना स्निग्ध आहार घालून त्यांचे कोलेस्टेरॉल वाढविले, मग गुग्गुळ दिला, आणि ते उतरल्याचे दाखविले. तो प्रबंध १९६६ सालचा.

पुढचा टप्पा आमच्या पुण्याचा. येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांचे सहकारी पाटील व नायक यांनी गुग्गुळातील स्टेरॉइड वर्गातील द्रव्यांची रचना उलगडून १९७२ साली प्रसिद्ध केली. 'गुग्गुलस्टेरोन' ही जोडगोळी तीच. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत या कामाचा पाठपुरावा झाला, माणसांवर चाचण्या झाल्या, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'गुगुलिपिड' नावाने हे औषध भारतीय बाजारात आले. २००२ साली 'सायन्स' या साप्ताहिकात ह्यूस्टनच्या संशोधकांनी शेवटचा सांधाही जोडला. यकृताच्या पेशींत पित्ताम्लांवर नजर ठेवणारे एक ग्राही प्रथिन असते. त्यास एफएक्सआर म्हणतात. पित्ताम्ले पुरेशी झाली की ते कोलेस्टेरॉलपासून आणखी पित्ताम्ले बनविणे थांबविते. गुग्गुलस्टेरोन या पहारेकऱ्यास अडवितो, असे त्यांनी दाखविले. ज्या उंदरांत हे प्रथिनच नव्हते त्यांच्यावर औषधाचा परिणाम झाला नाही. सुश्रुताच्या ओळीपासून यकृतातील एका प्रथिनापर्यंत वाट पुरी झाली! त्या वर्षी हे वाचून ज्यांना आनंद झाला त्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्याच वर्षी, २००३ साली, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची चाचणी प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल वाढलेली १०३ माणसे, आठ आठवडे, काहींना गुगुलिपिड आणि काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. घातक समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल गुगुलिपिड घेणाऱ्यांत कमी होण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढले. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ते पाच टक्क्यांनी उतरले. काहींच्या अंगावर पुरळ उठले. पुढे असेही दिसून आले की गुग्गुलस्टेरोन एकट्या एफएक्सआरला न चिकटता इतर अनेक ग्राहींनाही चिकटतो.

मग खोटे कोण? ससे, उंदीर की माणसे? आमच्या मते कोणीच खोटे नाही. सांधा कोठे निखळला ते पाहिले पाहिजे. वैद्य गुग्गुळ कच्चा देत नाहीत. त्रिफळेच्या काढ्यात किंवा अन्य द्रवात त्याचे शोधन करतात, आणि बहुधा इतर द्रव्यांच्या जोडीने तो देतात. गुगुलिपिड म्हणजे एथिल ॲसिटेट या द्रावकाने काढलेला अर्क. दोन्हींना 'गुग्गुळ' म्हणणे म्हणजे उसाला आणि साखरेला एकच म्हणणे. शिवाय रोगी निराळे, त्यांचा आहार निराळा. पण ही पळवाट म्हणूनही कोणी वापरू नये. शोधन केलेल्या गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरते असे ज्यांस म्हणावयाचे असेल त्यांनी तितक्याच कडक कसोटीने ते दाखविले पाहिजे. अर्काची चाचणी फसली म्हणून काढा आपोआप खरा ठरत नाही.

कृतीचा हा सांधा किती निर्णायक असतो त्याचे दुसरे उदाहरण चीनमधील आहे. १९६९ साली हिवतापावरील औषध शोधण्याचे काम तू योयो यांच्याकडे आले. त्यांनी प्रथम काय केले? जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून दोन हजारांहून अधिक नुसखे जमविले व त्यांतील ६४० निवडून एक वही केली. आजच्या भाषेत तो एक माहितीकोशच. त्या नुसख्यांत 'छिंगहाव' नावाची वनस्पती होती, पण तिचा अर्क एकदा गुण देई, एकदा देत नसे. चौथ्या शतकातील को हुंग या वैद्याच्या ग्रंथात ती उकळावयास नव्हे, तर पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घेण्यास सांगितले होते. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे तू योयोंनी त्यावरून ताडले आणि कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरून १९७१ साली खात्रीचा अर्क मिळविला. त्यातून आर्टेमिसिनिन निघाले, लाखो जीव वाचले, आणि २०१५ साली नोबेल पारितोषिक आले. मौज अशी की नावाचा सांधा येथेही डळमळीत होता. आज ज्या वनस्पतीस छिंगहाव हे शास्त्रीय नाव लावतात आणि ज्या वनस्पतीत आर्टेमिसिनिन मिळते, त्या दोन वेगळ्या जाती आहेत. वहीत नुसते 'छिंगहाव, हिवतापावर' एवढेच लिहिलेले असते आणि 'पिळून' हा शब्द गाळलेला असता, तर काय झाले असते याचा विचार करावा.

वहीची जागा यंत्राने घेतली ती साधारण याच सुमारास. शिकागो येथे नॉर्मन फार्न्सवर्थ यांनी १९७५ साली 'नॅप्रअलर्ट' हा नैसर्गिक द्रव्यांचा कोश सुरू केला. चीनच्या वनौषधींचा 'टीसीएमएसपी' हा कोश २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४९९ वनस्पती, २९,३८४ द्रव्ये आणि ३,३११ प्रथिने एकत्र गुंफलेली आहेत. एक औषध, एक ग्राही, एक रोग ही जुनी कल्पना सोडून अनेक द्रव्ये अनेक प्रथिनांवर एकदम काम करतात असे मानणारी विचारसरणी या सुमारास पुढे आली, आणि काढ्याचा हिशेब मांडावयास ती सोयीची वाटली.

आपल्याकडे या कामास चालना मिळाली ती मात्र निराळ्याच कारणाने, म्हणजे भांडणाने. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यक केंद्रास हळदीने जखम भरण्याच्या उपयोगाचे पेटंट अमेरिकेत मिळाले. आपल्या घरोघरच्या स्त्रियांना हे ऐकून हसू आले असेल. पण पेटंटच्या कचेरीत हसण्याला किंमत नाही, तेथे छापील पुरावा लागतो. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्या वेळी तिचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते, संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतील आणि अलीकडच्या नियतकालिकांतील मिळून ३२ संदर्भ पुढे ठेवले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. प्रत्येक वेळी असे लढत बसणे परवडणारे नाही, म्हणून २००१ साली 'पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालय' सुरू झाले. संस्कृत, अरबी, फारसी, तमिळ ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आणून वर्गवारीने लावले गेले. आज त्यांची संख्या चार लाखांहून अधिक आहे.

हे ग्रंथालय कुलूपबंद ठेवलेले होते. गैरवापर होऊ नये म्हणून गुप्ततेच्या करारावर ते पेटंट कचेऱ्यांना दाखवावयाचे, असा नियम. सर्वांसाठी खुले होते ते नमुन्यादाखल सुमारे १,२०० योग. इकडे चेन्नईच्या गणितशास्त्र संस्थेत अरिजित सामल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली 'इम्पॅट' हा भारतीय रेणुकोश प्रसिद्ध केला. जुनी पुस्तके आणि शोधनिबंध हाताने चाळून त्यांनी १,७४२ वनस्पती, ९,५९६ द्रव्ये आणि १,१२४ उपयोग एकत्र आणले, आणि तो कोश कोणालाही पाहता येईल असा खुला ठेवला. त्यांना पारंपरिक योगही जोडावयाचे होते. किती जोडता आले? ९७४. खुल्या नमुन्यांतून जेवढे घेता आले तेवढेच. चार लाख योग कुलपाआड, आणि रेणूंच्या कोशात हजारही नाहीत, अशी ही स्थिती. चोर येऊ नये म्हणून दार लावले, हे बरोबर झाले. पण घरचा विद्यार्थीही बाहेरच राहिला, हे आम्हांस बरोबर वाटत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पेटंट कचेऱ्यांखेरीज इतरांसही हे ग्रंथालय टप्प्याटप्प्याने, शुल्क घेऊन खुले करण्यास मान्यता दिली. विद्यापीठातल्या संशोधकाला परवडेल असे ते शुल्क असले पाहिजे.

दार उघडले तरी आत गेल्यावर सावध राहावे लागते, आणि त्यासाठी पुन्हा हळदच उपयोगी पडते. हळदीतील कर्क्युमीन हे द्रव्य कोणत्याही रेणुकोशात पाहा, त्याच्यापुढे प्रथिनांची आणि रोगांची लांबच लांब यादी दिसते. हे पाहून आपली छाती फुगते. परंतु २०१७ साली अमेरिकेतील काही औषधरसायनज्ञांनी या कीर्तीची झडती घेतली. कर्क्युमीन अस्थिर आहे, ते अनेक प्रथिनांशी वाटेल तसे चिकटते, शिवाय स्वतःच प्रकाशमान असल्यामुळे प्रकाश मोजून निकाल देणाऱ्या चाचण्यांना ते चकविते. रक्तात ते फारच थोडे उतरते. शंभराहून अधिक चाचण्यांनंतरही नीट नियंत्रित कसोटीला पूर्णपणे उतरलेला उपयोग त्यांना सापडला नाही. म्हणजे यादीतील पुष्कळ नोंदी औषधाच्या गुणाच्या नसून मापनाच्या चुकीच्या आहेत. यावर 'हळद निरुपयोगी' असा निष्कर्ष काढणारे उतावळे होत. तपासले गेले ते कर्क्युमीन, जखमेवर दाबलेली हळद नव्हे. पण यादी लांब म्हणून गुण मोठा, हा समजही टाकून दिला पाहिजे.

'इम्पॅट'ची सुधारलेली दुसरी आवृत्ती पुढे आली, तीत ४,०१० वनस्पती आणि १७,९६७ द्रव्ये आहेत. आमच्या दृष्टीने संख्येपेक्षा महत्त्वाचा फरक दुसराच. पहिल्या आवृत्तीत द्रव्य वनस्पतीच्या नावाखाली नोंदलेले होते. दुसरीत ते मूळ, साल, पान, फळ अशा भागांनुसार लावले आहे. पानातील द्रव्य मुळाच्या नावावर जाऊ नये म्हणून निबंध पुन्हा चाळणे हे कंटाळवाणे, नाव न देणारे काम आहे, आणि ते कोणी तरी बसून केले. शोधनाचा आणि मात्रेचा रकाना अजून व्हावयाचा आहे. तो भरावयाचा तर रसायनशास्त्र जाणणारा आणि संस्कृत वाचणारा असे दोघे एका टेबलाशी बसावे लागतील.

गुग्गुळाच्या नोंदीला आणखी एक अडचण आहे. त्या झुडपास पूर्वी बाल्सॅमोडेंड्रॉन मुकुल म्हणत, मग कॉमिफोरा मुकुल झाले, आता कॉमिफोरा वाइटी म्हणतात. सुखदेवांचा निबंध 'मुकुल' या नावाखाली आहे, नवे निबंध 'वाइटी'खाली. दोन्ही एकाच ओळीत आणल्याशिवाय कथा पुरी वाचता येत नाही. आणि झुडुप स्वतः अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय यादीत जाऊन बसले आहे, कारण अधिक चीक मिळावा म्हणून त्यास खोल घाव घालतात आणि त्या घावांनी ते वाळते. कच्छच्या माळावर नवी रोपे लावून ती चीक देण्याजोगी होण्यास कित्येक वर्षे जावी लागतात.